ॲरन स्वार्ट्झ: शिक्षा झालेला चोर?

‘लेख चोरले म्हणून 35 वर्षांची शिक्षा झालेल्या हॅकरच्या नावानं दिवस कसले पाळता? हा तर पायरसीचा उदोउदो!’ अमेरिकन प्रोग्रामर आणि खुल्या माहितीचा कार्यकर्ता ॲरन स्वार्ट्झबद्दल अशा अर्थाच्या पोस्ट सर्रास फिरतात. त्यातला एकेक दावा तपासू.

शिक्षा झालीच नव्हती. कुठल्याही कोर्टानं ॲरनला दोषी ठरवलेलं नाही. 35 वर्षं हा 2011च्या आरोपांवरून होऊ शकणाऱ्या कमाल शिक्षेचा आकडा. खटला उभा राहण्याआधीच, 11 जानेवारी 2013 रोजी, वयाच्या 26व्या वर्षी त्यानं आयुष्य संपवलं आणि सरकारनं आरोप मागे घेतले.

आता चोरी. एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाच्या वायरिंगच्या खोलीत लॅपटॉप ठेवून त्यानं जेस्टॉर या शोधनिबंधांच्या ऑनलाइन संग्रहातले लाखो निबंध उतरवले, हे खरंच आहे. त्यात नियम मोडले, हेही मान्य. पण हार्वर्डचा फेलो म्हणून ते निबंध वाचायची त्याला मुभा होती, उतरवलेल्या प्रती त्यानं परत दिल्या आणि जेस्टॉरनं 2011मध्येच आपल्यापुरतं प्रकरण मिटवलं. तरीही सरकारी वकिलांनी 2012मध्ये आरोप वाढवून 13 केले. मला राग येतो तो याचा.

आणि पायरसी? त्याच्या स्मरणार्थ काय काम चालतं, ते तरी बघा. अमेरिकेतल्या संघीय कोर्टांचे कागद ‘पेसर’ या कोर्टांच्या सरकारी वेबसाइटवर पानाला 10 सेंट मोजून मिळतात. कोर्टाचे आदेश कॉपीराइटमध्ये येतच नाहीत, तरीही. ‘रीकॅप’ हे ब्राउझरमधलं एक्स्टेन्शन असलं, की तुम्ही विकत घेतलेल्या कागदाची प्रत खुल्या संग्रहात जाते आणि पुढच्या माणसाला तोच कागद फुकट मिळतो. हे पूर्ण कायदेशीर आहे. ॲरन गेल्यावर त्याच्या स्मरणार्थ दिलेल्या अनुदानांतून याच रीकॅपमध्ये सुधारणा झाल्या.

पत्रकारांना गुपचूप कागद पोचवायचं सॉफ्टवेअर ‘सिक्युअरड्रॉप’ तर त्यानं स्वतः लिहायला घेतलेलं. माहिती देणारा माणूस टॉर या ओळख लपवणाऱ्या नेटवर्कमधून येतो, नाव-ईमेल काहीही न देता कागद ठेवतो आणि त्याला शब्दांचा एक सांकेतिक संच मिळतो. तोच वापरून पुढे पत्रकाराशी बोलायचं. आज अनेक वृत्तसंस्था ते वापरतात.

दर नोव्हेंबरात, त्याच्या वाढदिवसाच्या सुमारास, ॲरन स्वार्ट्झ दिनाला लोक एकत्र बसून अशाच प्रकल्पांचा कोड लिहितात. संगणकाच्या गैरवापराविरुद्धच्या ज्या 1986च्या कायद्याखाली त्याच्यावर बहुतेक आरोप ठेवले गेले, तो सुधारायला 2013मध्ये ‘ॲरन्स लॉ’ नावाचं विधेयक आलं. ते मात्र अमेरिकी संसदेत मंजूर झालं नाही.