‘कंपन्या किती निघाल्या?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

इंजिनिअरिंगच्या मुलांच्या बिझनेस पिच स्पर्धांबद्दलच्या (परीक्षकांपुढे धंद्याची कल्पना मांडायची, पटली तर बक्षीस) माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत: ‘पाच मिनिटांचं भाषण, दहा स्लाइड आणि पुठ्ठ्याच्या चेकसोबत फोटो. यातून कंपन्या किती निघाल्या? त्यासाठी पोरं लेक्चर-प्रॅक्टिकल बुडवतात, त्यापेक्षा थर्मोडायनॅमिक्स नीट करा म्हणावं.’ तुम्ही तोच विषय शिकवता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पुठ्ठ्याचा चेक खुशाल बंद करा. ‘देशात 14 कोटी शेतकरी, त्यातल्या 1 टक्क्याने जरी घेतलं तर...’ ही स्लाइड लावणाऱ्यालाही तिथल्या तिथे खाली बसवावं. पण कंपन्या मोजण्याचा हिशोब मला पटत नाही.

नाशिककडच्या एका स्पर्धेत तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी कांदाचाळीसाठी सेन्सर मांडला होता. आत उष्णता, ओल वाढली की शेतकऱ्याच्या मोबाइलवर मेसेज. परीक्षक प्राध्यापकांनी अचूकता विचारली, ती तोंडपाठ होती. मग कृषी सेवा केंद्र चालवणारे परीक्षक म्हणाले, “चाळीत लाइट असते का? बरं, मेसेज आला. पुढं काय करायचं? चाळ उपसून कांदा निवडायला मजूर लागतात. भाव पडलेला असला तर ती मजुरी कोण देणार?” मुलं गप्प. बक्षीस अर्थातच गेलं.

पण तीच मुलं नंतर सोलर पॅनलवरच्या पंख्याकडे वळली. आता प्रश्न असा, की पंखा लावायचा कधी? पावसाळ्यात बाहेरचीच हवा दमट असली तर ती आत ओढून कांदा आणखी भिजायचा. आतल्या-बाहेरच्या सापेक्ष आर्द्रतेचे नुसते आकडे ताडूनही भागत नाही, कारण दोन्हीकडचं तापमान वेगळं. शेवटी तुमच्या थर्मोडायनॅमिक्समधला सायक्रोमेट्रिक चार्ट (हवेचं तापमान आणि तिच्यातली ओल यांचा मेळ दाखवणारा तक्ता) उघडावाच लागला. परीक्षेपुरता पाठ केलेला तो चार्ट, सर, त्या दुकानदाराच्या प्रश्नामुळे त्यांनी पुन्हा काढला.

आणि कंपन्याच मोजायच्या तर सवडीने मोजा. आयआयटी मद्रासचे तरुण मेहता आणि स्वप्निल जैन आधी इलेक्ट्रिक स्कूटरसाठी चांगला बॅटरी पॅक बनवायच्या विचारात होते. बाजारातल्या स्कूटरच सुमार आहेत हे दिसल्यावर त्यांनी अख्खी स्कूटरच बनवायला घेतली. एथर एनर्जी सुरू झाली 2013 मध्ये, स्कूटर गिऱ्हाइकाच्या हाती पडली 2018 मध्ये. आयआयटी मुंबईच्या मुलांची ड्रोनवाली आयडियाफोर्ज 2007 ची, शेअर बाजारात आली 2023 मध्ये. कॉलेजच्या वार्षिक अहवालात हे कुठल्या रकान्यात भरणार? (तो रकाना भरायचा म्हणून कागदोपत्री कंपन्या काढणारी कॉलेजंही आहेत, ते वेगळंच प्रकरण.)

मी तर म्हणेन, स्पर्धेत परीक्षक बदला. निम्मे तरी असे हवेत, ज्यांना ती वस्तू स्वतःच्या खिशातून विकत घ्यावी लागणार आहे.

बुडालेल्या प्रॅक्टिकलबद्दल मात्र मी पूर्ण तुमच्या बाजूने. स्पर्धेचं सर्टिफिकेट पुढे करून कोणी आलं, तर सबमिशन पूर्ण होईपर्यंत टर्म ग्रँट करू नका, म्हणजे परीक्षेला बसू देऊ नका.