तापाच्या दिवसाचा पगार

कोरोनातल्या कारखान्यांचा विषय निघाला की लोक अजूनही सॅनिटायझर, मास्क आणि गेटवरची थर्मल गन यावरच बोलतात. मी ती दोन्ही वर्षं कोल्हापूरच्या एमआयडीसीत, फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात काढली. माझं मत तेव्हाच पक्कं झालं: आजारी कामगाराला घरी बसल्याचा पगार मिळत नसेल, तर बाकीचं सगळं दाखवण्यापुरतं आहे.

कंत्राटी पोरांचा हिशेब सरळ असतो. हजेरी लागली तर पैसे, खाडा पडला तर नाही. अंगात कणकण वाटली की पोरं खोलीवरच पॅरासिटामॉल घ्यायची आणि फर्स्ट शिफ्टला यायची. गेटवर येईतो ताप उतरलेला. गनवर आकडा नॉर्मल, रजिस्टरात नोंद, पोरगा आत. अशा पोराला बेजबाबदार म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. एका खोलीत सहा-सात जण, गावाकडे पैसे पाठवायचेत, भाडं थकलंय. चौदा दिवस क्वारंटाइन म्हणजे अर्धा महिना बिनपगारी. त्यानं करायचं काय?

ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, आहे की, असं कुणीतरी म्हणेलच. आहे. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळायची सोय होती. पण त्यासाठी सहा महिन्यांच्या मुदतीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागायची. नुकत्याच आलेल्या माणसाची ती कुठून भरणार? शिवाय आजारपणाचे पहिले दोन दिवस धरत नसत. म्हणजे ज्या दिवशी ताप चढतो, ज्या दिवशी त्यानं शेजारच्यापासून लांब राहायला हवं, नेमक्या त्याच दिवसाचे पैसे नाहीत!

मास्कची गोष्ट वेगळी नाही. ओतकामाच्या वेळी लोखंड १४०० अंशांच्या आसपास असतं. लॅडलजवळ, म्हणजे वितळलेलं लोखंड ओतायच्या भांड्याजवळ उभ्या असलेल्या माणसाचा कापडी मास्क बघता बघता घामानं चिंब होतो, नाकाला चिकटतो, श्वास ओढवत नाही. तो हनुवटीवर येणारच. त्यावर दंड लावणं हा काय उपाय झाला? पाळीत दोन-तीनदा कोरडा मास्क हातात द्या, भट्टीवरची माणसं आलटून पालटून लावा, गार व्हायला मोकळी जागा द्या. फेटलिंगवाल्यांची, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करणाऱ्यांची तर आणखी काळजी घ्यायला हवी होती. वाळूतल्या सिलिकाची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेलेली. सिलिकोसिस हा त्या धुळीनं होणारा फुप्फुसाचा रोग, तेव्हाच्या कारखाना कायद्यानं सरकारला कळवायचा आजार, पण ज्यांची छाती तपासलीच जात नाही त्यांचं कळवणार कोण?

आणि याच काळात सरकारांना सुचलं काय, तर कामाचे तास वाढवणं. गुजरातनं १७ एप्रिल २०२० ला दिवसाचे १२ तास, आठवड्याचे ७२ तास करायला मुभा दिली, तीही ओव्हरटाइमचा दुप्पट दर न देता. सुप्रीम कोर्टानं १ ऑक्टोबरला तो आदेश रद्द केला आणि ओव्हरटाइम द्यायला लावला, म्हणून बरं.

पुढच्या एप्रिलमध्ये ऑक्सिजनसाठी देशानं कारखान्यांच्याच दारात हात पसरले. १९ एप्रिल २०२१ ला कळंबोलीहून पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस, म्हणजे टँकर वाहणारी रेल्वेगाडी, निघाली ती विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याकडे. तो ऑक्सिजन नागपूर-नाशिकला पोचला, आपल्या माणसांना लागला. तो बनवणाऱ्या कामगारांना मात्र लशीच्या पहिल्या रांगेत जागा नव्हती. आरोग्य कर्मचारी, पोलीस, सफाई कामगार त्या रांगेत होते आणि ते योग्यच होतं. पण पोलाद कारखान्यातला पंचेचाळिशीच्या आतला माणूस १ मेपर्यंत लशीविना पाळ्या करत राहिला.

युनियनमधल्या मित्रांना माझं एकच सांगणं आहे. पुढच्या वेतन करारात तापाची किमान सात दिवसांची भरपगारी रजा मागा. पहिल्या दिवसापासून, डॉक्टरच्या साध्या चिठ्ठीवर. आणि कायम कामगारांपुरती मागू नका. ठेकेदाराच्या रजिस्टरवरची नावंही त्यात घाला, आणि पैसे ठेकेदारानं नाही, कंपनीनं द्यायचे असं लिहूनच घ्या.