गल्ला तुमचा, न्याय त्यांचा

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात गांजाचं दुकान टाकायचं आणि वर समाजसुधारक म्हणूनही मिरवायचं, असा तुमचा दुहेरी बेत असेल तर बिचकू नका. दोन्ही एकाच भांडवलात बसतं. पथ्य एकच: गांजापायी पूर्वी तुम्हाला अटक झालेली नसावी. हे पथ्य गोऱ्यांना जरा सोपं जातं. ओढण्याच्या बाबतीत काळे-गोरे जवळपास सारखेच, पण गांजा बाळगला म्हणून पकडलं जाण्याची शक्यता 2018 मध्ये त्या राज्यात कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या साडेसात पट होती, असा एसीएलयू या नागरी हक्क संघटनेचा हिशेब आहे. म्हणजे ते आत जाऊन अनुभव घेत होते, तेव्हा तुम्ही बाहेर राहून भांडवल जमवलंत. श्रमविभागणी म्हणतात ती हीच.

आता मुहूर्त. 31 डिसेंबर 2019 ला गव्हर्नर जे. बी. प्रिट्झकर यांनी गांजाच्या किरकोळ गुन्ह्यांसाठी 11,017 माफ्या जाहीर केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कायदेशीर विक्री सुरू. थंडीत रांगा लागल्या, नायब गव्हर्नरबाईंनी स्वतः गांजाच्या गमीज, म्हणजे चघळायच्या गोळ्या, विकत घेतल्या आणि पहिल्याच दिवशी सुमारे 32 लाख डॉलरचा धंदा झाला. दुकानं कुणाची, असं विचारू नका. औषधी गांजाचे परवाने ज्यांच्याकडे आधीपासून होते त्यांची. वर त्यांना प्रत्येकी एक जादा दुकान काढायचीही मुभा. शिकागोतले काही कृष्णवर्णीय नगरसेवक कुरकुरले, की या मालकांत आमचं कुणीच नाही, सहा महिने थांबा. ठराव मतदानाला आला आणि 29 विरुद्ध 19 मतांनी पडला. सामाजिक न्यायाला उशीर चालतो, गल्ल्याला चालत नाही.

पण कायद्यात इक्विटीची, म्हणजे गांजाबंदीची झळ बसलेल्यांना परवान्यात झुकतं माप देण्याची, तरतूद आहे, तेव्हा अर्ज तरी नीट भरा. गांजाविरोधी कारवाईत पोळलेल्या वस्तीतला किंवा स्वतः शिक्षा भोगलेला माणूस 51 टक्के मालक दाखवा. आपल्याकडे राखीव जागेवर सरपंचबाई आणि ग्रामपंचायतीत तिच्या खुर्चीवर रेलून बसलेले तिचे मालक असतात ना, तशीच मांडणी करायची. कारभाराचा करारनामा तेवढा आपल्या वकिलाकडून करून घ्या. बरं, असा माणूस भागीदार म्हणून नकोच असेल, तर पहिल्या फेरीत त्याचीही सोय होती: दहापेक्षा जास्त पूर्णवेळ कामगार ठेवा, त्यांतले निम्म्याहून जास्त अशा लोकांतले घ्या, की झालात तुम्ही स्वतःच इक्विटी अर्जदार! या कलमाला टीकाकार 'गुलामांच्या मालकाचं कलम' म्हणू लागले. लोकांना चांगलं काही बघवत नाही.

गुणांचं मात्र मनावर घ्या. पहिल्या फेरीत अर्जाला एकूण 252 गुण होते, त्यांतले 5 माजी सैनिकाच्या मालकीचे. म्हणजे तुरुंगातून आलेला एक आणि लष्करातून आलेला एक, असे दोन पाहुणे आणा. सप्टेंबर 2020 मध्ये निकाल लागला तेव्हा नऊशेच्या वर अर्जदारांतून परवान्यांच्या सोडतीला पात्र ठरले फक्त 21, सगळे पैकीच्या पैकी. ज्यांना सैनिक सापडला नाही ते फुकट गेले. तपासणी केपीएमजी या बड्या ऑडिट कंपनीनं केलेली, त्यामुळे न्याय ऑडिट होऊन आला असं म्हणता येतं. मग कोर्टकचेऱ्या, दुरुस्त्या, नव्या सोडती. मे 2020 मध्ये द्यायचे परवाने जुलै 2022 मध्ये निघाले.

मधल्या काळात तुम्ही काय करायचं? विका. एकट्या 2021 मध्ये राज्यात 138 कोटी डॉलरचा माल खपला. इक्विटीवाल्यांनी काय करायचं? थांबायचं. लॉस एंजेलिसमध्ये तर त्यांना थांबायचंही भाडं पडलं, कारण अर्जाआधीच गाळा ताब्यात हवा होता. परवाना नाही, धंदा नाही, भाडं चालू. कर्ज काढा म्हणावं, तर संघराज्याच्या कायद्यात तेव्हा गांजा हेरॉइनच्या पंगतीला होता, म्हणून बँका दारात उभं करेनात. आणि 1982 सालचं करकायद्यातलं 280ई कलम असं, की दुकानाचं भाडं आणि पगार खर्चात दाखवायचे नाहीत. घरचं भांडवल असलेल्याला हे सोसतं. म्हणूनच घरचं भांडवल असावं.

तत्त्वांचं फार मनावर घेऊ नका. जॉन बेनर हे अमेरिकी प्रतिनिधिगृहाचे रिपब्लिकन सभापती 2011 मध्ये गांजा कायदेशीर करण्याच्या कट्टर विरोधात होते. 2018 मध्ये ते एकरेज होल्डिंग्ज या गांजा कंपनीच्या सल्लागार मंडळावर रुजू झाले. माणूस बदलतो. शिक्षा झालेल्या माणसाला मात्र बदलल्याचे कागद जोडावे लागतात.

आता शेवटचं. नोव्हेंबर 2022 मध्ये इक्विटीवाल्यांची पहिली दुकानं उघडली. त्यांचं नवं दुकान उघडेल, तेव्हा पुष्पगुच्छ घेऊन आवर्जून जा. फोटो काढा, मिठी मारा, तुमच्यामुळे उद्योगाला चेहरा मिळाला असं बोला. पिकवणारी मोठी केंद्रं मोजकीच आणि ती आधीच्या मंडळींच्याच हातात, त्यामुळे त्यांच्या फळीवरचा बहुतेक माल तुमच्याकडूनच जायचा आहे. दर आधीच ठरवून ठेवा, आणि पहिली ऑर्डर रोखीनं घ्या.