पुस्तकं किती नेली ते मोजू नका, काय शोधलं ते विचारा

आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा उत्कृष्ट वाचक पुरस्कार यंदाही जाहीर झाला आणि यंदाही तो विद्यापीठाच्या वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला गेला. त्या पोराचं मनापासून अभिनंदन, त्याच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार निकषाबद्दल आहे. वर्षभरात देवघेव काउंटरवरून सगळ्यात जास्त पुस्तकं कोणी नेली, एवढंच पाहतात. विद्यापीठाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला कोणाला उघडं पाडायचं नाहीये. निकष बदलावा, एवढंच म्हणणं आहे.

मी तालुक्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. माझ्या वर्गातली निम्म्याहून जास्त पोरं सकाळी एसटीनं येतात आणि दुपारच्या एसटीनं परत जातात. त्यांच्यासाठी विद्यापीठाचं ग्रंथालय म्हणजे एक फोटो. धारणीवरून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे, मधे मेळघाटातला घाट. सिरोंच्यावरून गडचिरोली दोनशेच्या वर. आमचं गाव इतकं लांब नाही, पण पुस्तक आणायला एकदा आणि परत करायला एकदा जायचं म्हटलं की पोरी हिशेब मांडतात. मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, हे खरं. पण दिवसाची मजुरी पूर्णच बुडते. मग काउंटरवरच्या आकड्यात ही पोरं कुठून येणार? विद्यापीठ नकळत वाचनाऐवजी वसतिगृहाच्या खोलीलाच बक्षीस देतंय.

आपल्याच राज्याचं उदाहरण घ्या. सार्वजनिक ग्रंथालयांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नावानं जो उत्कृष्ट ग्रंथालय पुरस्कार मिळतो, त्यात शहरी आणि ग्रामीण असे वेगळे गट असतात, आणि त्यात पुन्हा अ, ब, क, ड वर्ग. शहरातल्या मोठ्या वाचनालयाशी खेड्यातल्या एका खोलीच्या वाचनालयाची तुलना होऊ शकत नाही, ही समज सरकारी कागदात आहे. विद्यापीठात ती अजून पोचायची आहे.

पण नुसते गट पाडून माझं समाधान होणार नाही. मोजायचं काय, हेच बदलायला पाहिजे. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीमधल्या ग्रंथालयाचं एक बक्षीस आहे, पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी. त्यात शोधनिबंध तर द्यायचाच, सोबत एक टिपणही लिहायचं: मी हा विषय कसा शोधला, ग्रंथालयातली कोणती साधनं वापरली. म्हणजे उत्तरासोबत वाटही तपासतात. हे आपल्याकडे करायला इमारत लागत नाही, अनुदान लागत नाही. अर्जात एक पान वाढवावं लागतं.

हे का म्हणतोय ते सांगतो. आमच्या कॉलेजातल्या बी.ए.च्या एका विद्यार्थिनीनं प्रकल्पासाठी विषय घेतला: आपल्या भागात कापूस कोण विकत घेत होतं. सुरुवात घरातूनच झाली. तिचा आजा कापूस एकाधिकार खरेदीच्या, म्हणजे कापूस फक्त सरकारनंच विकत घ्यायच्या योजनेच्या, आठवणी सांगायचा, खरेदी केंद्रावर रात्ररात्र बैलगाडीत झोपल्याच्या. ती योजना 1972 पासूनची. तिथून ती शोधगंगेवर गेली. विद्यापीठांमधले पीएच.डी.चे प्रबंध तिथं कोणालाही फुकट वाचता येतात, हे तिला आमच्या ग्रंथपाल मॅडमनी सांगितलं. (शोधगंगा फक्त पीएच.डी.वाल्यांसाठी असते, असा बहुतेक पोरांचा समज आहे. काही प्राध्यापकांचाही आहे, पण जाऊ द्या.) एका प्रबंधाच्या मागच्या संदर्भसूचीत तिला वऱ्हाडाच्या जुन्या गॅझेटिअरचं, म्हणजे त्या भागाची सगळी माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथाचं, नाव दिसलं. 1870 चं, आल्फ्रेड लायल या इंग्रज अधिकाऱ्यानं संपादित केलेलं. ते इंटरनेट अर्काइव्हवर फुकट आहे. तिनं मोबाइलवर उघडलं आणि दुसऱ्या दिवशी वर्गाबाहेर मला गाठून विचारलं, "सर, वऱ्हाडाच्या पुस्तकावर हैदराबादचं नाव कायले हाय?"

हा प्रश्न माझ्या वर्गात याआधी कोणी विचारला नव्हता. मग 1853 चा तह निघाला, निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात कसा दिला ते निघालं, आणि 1861 ते 1865 चं अमेरिकेतलं यादवी युद्धही निघालं. त्या काळात तिकडचा कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि आपल्या काळ्या जमिनीकडे साहेबाचं लक्ष वळलं. आज्याच्या बैलगाडीवरून पोरगी थेट मँचेस्टरला पोचली. या सगळ्यात तिनं काउंटरवरून छापील पुस्तकं किती नेली? एक. पुरस्काराच्या यादीत ती शेवटून पहिली आली असती.

आता कार्यक्रमांबद्दल. ग्रंथालयाचं वर्ष ठरलेलं असतं. 12 ऑगस्टला भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांची जयंती, 15 ऑक्टोबरला डॉ. कलामांच्या जयंतीचा वाचन प्रेरणा दिन, 14 ते 20 नोव्हेंबरला ग्रंथालय सप्ताह, 23 एप्रिलला जागतिक पुस्तक दिन. ही यादी विदर्भातल्या शेताच्या वर्षाशेजारी ठेवून पाहा. ऑगस्टमध्ये निंदण आणि फवारणी. 15 ऑक्टोबरच्या सुमारास सोयाबीनची सोंगणी नाहीतर मळणी. नोव्हेंबरात कापूस वेचणी, वर दिवाळीची सुट्टी. एप्रिलमध्ये परीक्षा आणि बेचाळीस डिग्री ऊन. वाचन प्रेरणा दिनाला वर्ग रिकामा दिसला की भाषण ठरलेलं: "आजकालच्या मुलांना वाचनाची आवडच राहिली नाही." अहो साहेब, मुलं वावरात आहेत. घरच्या सोयाबीनवर पाऊस पडायच्या आत ते गंजीत लावायचं आहे. दिवस साजरे करू नका असं मी म्हणत नाही. फोटोला हार घाला, प्रदर्शन लावा. पण शिकवायचं काम त्याच तारखेला बांधून ठेवू नका.

आणि शिकवतात तेव्हाही काय होतं? एका जिल्ह्याच्या ठिकाणी ई-साधनांची कार्यशाळा होती, आम्ही पोरं घेऊन गेलो. बॅनर झकास. शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, अध्यक्षीय मनोगत. लॉगिन कसं करायचं तो भाग दुपारी चारनंतर आला, आणि शेवटच्या गाडीसाठी आमच्या पोरी तेव्हा उठल्या होत्या. प्रमाणपत्र सगळ्यांना मिळालं. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलीला फोटोही मिळाले. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयाचे पाच सिद्धांत मांडले, त्यातला चौथा आहे वाचकाचा वेळ वाचवा. त्यांचा फोटो त्या मंचावर होताच.

चीड येण्याचं कारण असं की साधनं खरंच आहेत. एन-लिस्ट ही योजना कॉलेजांसाठीच आहे. कॉलेजनं नोंदणी केली की विद्यार्थ्याला स्वतःचं लॉगिन मिळतं, हजारो नियतकालिकं आणि लाखावर ई-पुस्तकं घरी बसून मोबाइलवर उघडतात. आयआयटी खरगपूरनं उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे. जानेवारी 2025 पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही संशोधनाची नियतकालिकं देशभरातल्या संस्थांना एकत्र खुली करायची केंद्राची योजना सुरू झाली, तीन वर्षांसाठी 6000 कोटींची तरतूद. पण तिचा पहिला टप्पा केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी आहे, म्हणून आमच्यासारख्या खासगी संस्थेच्या अनुदानित कॉलेजची भिस्त एन-लिस्टवरच. आणि आमच्या वर्गात हात वर करायला सांगितले की आपल्याला असं लॉगिन मिळू शकतं हे माहीत असणारे पहिल्या बाकावरच संपतात. अंतर एसटीनं कापायची गरजच उरलेली नाही. कोणीतरी येऊन तासभर पोरांच्या शेजारी बसायला पाहिजे, इतकंच.

म्हणून माझं मागणं तसं साधं आहे. पुरस्कार शोधासाठी द्या. प्रश्न आपल्या गावचा असावा: विहिरी, जिनिंग, बोली, सावकारी, जंगलावरचा हक्क, काहीही. सोबत शोधाची वाट सांगणारं एक पान, मराठीत लिहिलेलं चालेल असं जाहिरातीत स्पष्ट छापा, नाहीतर पोरं इंग्रजीच्या धाकानंच अर्ज करणार नाहीत. एकदा हे ठरलं की कार्यशाळाही आपोआप बदलेल, कारण शोध तपासायचा तर शोधायला शिकवावं लागेल. वऱ्हाडाचं जुनं काही पाहिजे असेल तर 'बेरार' हे त्याचं इंग्रजी नाव टाकून पाहावं लागतं, यवतमाळचं जुनं इंग्रजी स्पेलिंग आजच्यापेक्षा वेगळं होतं, संदर्भसूची मागून पुढे कशी वाचायची, या गोष्टी भाषणातून येत नाहीत. आणि बक्षिसात ग्रंथपालाचंही नाव घ्या. आमच्या मॅडम नसत्या तर ती पोरगी गाइडबुकवरच थांबली असती. तालुक्याच्या कॉलेजातल्या ग्रंथपालाला नव्या पुस्तकांच्या दाखल नोंदवहीच्या पलीकडे कोणी विचारत नाही.

"तालुक्याला अशी कार्यशाळा ठेवली तर लोक येतील का?" असं मला एका परिचितानं विचारलं. येतील, तुम्ही या. आमच्याकडे हॉल आहे, प्रोजेक्टर आहे, इन्व्हर्टर आहे, नेट मात्र पोरांच्या डेट्यावर चालवावं लागेल. जेवणाची व्यवस्था आमची, झुणका-भाकर आणि ठेचा. हारतुरे आणू नका. सकाळी अकराला सुरू करून दोनला संपवा म्हणजे सगळ्यांच्या गाड्या सापडतात. फेब्रुवारीचा पहिला आठवडा बरा, तूर झालेली असते आणि हरभरा अजून उभा असतो. वार कोणताही चालेल, फक्त मंगळवार सोडून. त्या दिवशी आमच्याकडे बाजार असतो.