६.५ इंच खोटे नव्हते: १ स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार साहेब,

फोनच्या स्क्रीनच्या साइझबद्दलचा तुमचा रिव्ह्यू काल रात्री मुलीने दाखवला. जेवायला बसलो होतो, ताटातला भात तसाच राहिला. बावीस वर्षं पुण्यातल्या तापकीर गल्लीच्या तोंडाशी मोबाइलचं दुकान घेऊन बसतोय, रिचार्जची कुपनं खरवडून विकायचो तेव्हापासून. 'फसवणूक' हा शब्द दुकानाच्या नावाखाली पहिल्यांदा वाचला.

आधी माफी. तुम्ही तक्रार घेऊन आलात तेव्हा 'मग पट्टी घेऊन यायचं होतं' असं मी बोललो, ते चुकलं. गिऱ्हाइकाशी असं बोलू नये. सणाची गर्दी होती, डोकं फिरलं होतं, पण ते काही कारण नव्हे. क्षमस्व.

आता मूळ मुद्दा. तुम्ही लिहिलंय की वडिलांचा जुना फोन ५.५ इंची होता, म्हणून ६.५ इंची घेतला आणि घरी जाऊन बघता तर नवीन फोन रुंदीला जुन्यापेक्षा जास्त नाही, अक्षरं बारीक आणि अस्पष्ट, म्हणजे दुकानदाराने साइझ खोटी सांगितली. साहेब, साइझ खोटी नाही. स्क्रीनचे इंच तिरके मोजतात, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. टीव्हीचेही तसेच. वडिलांचा जुना फोन १६:९ मापाचा, म्हणजे रुंदी ९ असेल तर उंची १६. नवीन फोन २०:९ चा. काल रात्री झोप येईना म्हणून मुलीच्या कॅल्क्युलेटरवर गणित केलं. जुन्या स्क्रीनची रुंदी साधारण ६.८५ सेंटिमीटर, नव्याची ६.७७. उंची मात्र १२.२ वरून १५ वर गेली. म्हणजे वाढलेला एक इंच सगळा उंचीत गेला आणि रुंदी उलट केसभर कमीच झाली. फोन वाढला तो पडवळासारखा, भोपळ्यासारखा नाही. हे मी केलेलं नाही, हल्ली सगळ्याच कंपन्या असेच फोन काढतात.

२०११ साली सॅमसंगचा पहिला गॅलेक्सी नोट आला तेव्हा लोक दुकानात येऊन हसायचे, शाळेतली पाटी कानाला लावल्यासारखं दिसतं म्हणून. तो होता ५.३ इंची. पण माप १६:१०, त्यामुळे रुंदी ७.१ सेंटिमीटर. तुमच्या आजच्या ६.५ इंचीपेक्षा ती पाटी रुंद होती. बॉक्सवरचा इंचाचा आकडा एकटा वाचला की असं होतं.

अक्षरं अस्पष्ट दिसतात हे तुमचं म्हणणं मात्र बरोबर आहे, ते मी नाकारत नाही. पण त्याचं कारण इंचात नाही, पिक्सेलमध्ये आहे, म्हणजे स्क्रीनवरच्या बारीक ठिपक्यांत. जुना फोन फुल एचडी होता, एका इंचात ४०० पिक्सेल. नवीन फोन एचडी प्लस, ७२० बाय १६००, म्हणजे तेच पिक्सेल मोठ्या जागेत पसरलेले सुद्धा नाहीत, मुळात कमीच आहेत. इंचाला २७० च्या आसपास. त्या दिवशी मी तुमच्यासमोर दुसरा फोन ठेवला होता, त्याच किमतीचा, फुल एचडी स्क्रीन, ६ जीबी रॅमचा (रॅम म्हणजे फोनची काम करायची मेमरी). तुम्ही म्हणालात, '६ नको, ८ पाहिजे, आणि या पहिल्या फोनवर ८ प्लस ८ लिहिलंय.' मी सांगितलं की प्लसच्या पुढचे ८ हे खरे रॅम नाहीत, स्टोरेजमधली जागा उसनी घेतात आणि ती रॅमपेक्षा हळू चालते. तुम्ही ऐकून घेतलंत आणि पुन्हा वेबसाइटवरचा तक्ता बघायला लागलात.

रिव्ह्यूमध्ये 'दुकानदार म्हणाला स्पेसिफिकेशनला काही अर्थ नाही' असं आहे. मी असं म्हणालो नाही. माझ्याकडे कॉलेजची पोरं गेम खेळायला फोन घेतात, त्यांना मी स्वतः प्रोसेसर विचारायला लावतो, स्टोरेज ईएमएमसी (हळू) आहे की यूएफएस (वेगवान) ते बघायला लावतो. तुमच्याशी बोलताना मी एवढंच म्हणालो होतो की ज्यांना फोन वापरायचाय त्यांच्या हातात एकदा देऊन बघा.

आणि इथे मला खरं लागलं, म्हणून लिहितो. वडील त्या वेळी चार्जरच्या रॅकशेजारी स्टुलावर बसले होते. अर्धा तास होते. चष्मा बदलून वाचायचा चष्मा लावून तयार होते. त्यांनी एकदाच विचारलं, 'यात बँकेच्या मेसेजचे आकडे मोठे दिसतात का हो?' तुम्ही म्हणालात, 'बाबा, थांबा जरा, आठ जीबी आहे.' तेवढ्यात बिल झालं. फोन त्यांच्या हातात गेलाच नाही. बॉक्स पिशवीत आणि पिशवी तुमच्या हातात.

त्या वेळी मीच काउंटरच्या बाहेर येऊन दोन्ही फोन त्यांच्यापुढे धरायला हवे होते. समोर सहा-सात गिऱ्हाइकं उभी होती आणि तुम्ही आधीच ऑनलाइन ४०० रुपये कमी आहेत म्हणून उठायच्या बेतात होतात, म्हणून मी गप्प बसलो. ही चूक माझी. (४०० कमी होते हेही खरं. आमच्या किमतीत दुकानाचं भाडं आहे, बाकी त्या फोनमागे मला किती सुटलं ते लिहीत नाही, तुम्हाला हसू येईल.)

फोन परत घेतला नाही याचा राग आहे, तो समजतो. पण बॉक्स उघडून, सिम टाकून चार दिवस वापरलेला फोन कंपनी माझ्याकडून परत घेत नाही. बिघाड असेल तर सर्व्हिस सेंटरचा कागद लागतो, आणि यात बिघाड नाहीच.

यापुढे वयस्कर माणसासाठी फोन असेल तर आधी चालू डेमो पीस हातात द्यायचा, असं पोरांना सांगितलंय. सगळ्या मॉडेलचे डेमो मिळत नाहीत, जमेल तसं करतो. पट्टीही काउंटरवर ठेवली आहे, टोमणा नाही, खरंच.

एकदा वडिलांना घेऊन या. फॉन्ट साइझ (फक्त अक्षरांची) आणि डिस्प्ले साइझ (स्क्रीनवरच्या सगळ्याचीच) या दोन वेगळ्या सेटिंग आहेत, बहुतेक लोक पहिलीच वाढवतात. दोन्ही वाढवून देतो, कीबोर्डही उंच करून देतो, मेसेज ठळक अक्षरात दिसतील असं बघतो. पैसे नाहीत. रुंदी काही वाढणार नाही, ते माझ्या हातात नाही. फक्त दुपारी १ ते ४ सोडून या, हसू नका, डबा खायला घरी जावं लागतं.

त्यांचं चष्म्याचं घर स्टुलाखाली सापडलं, तपकिरी, बटण तुटलेलं. बिलावरच्या नंबरवर दोनदा फोन केला, उचलला गेला नाही. ड्रॉवरमध्ये ठेवलंय.