पाइप, एक नग

आमच्या प्लंबरनं माझ्या सॉसेजच्या साच्यातली आतली नळी सिंकच्या वेस्ट पाइपला जोडून टाकली. घटना एवढीच. घरात सगळे म्हणतायत की एवढं काय त्यात, सिंक गळायचं थांबलं ना. ते थांबलेलं नाही, पण त्यावर नंतर येतो.

ज्यांनी भरलेलं सॉसेज कधी केलं नाही त्यांना माझा त्रास कळणार नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. हे केसिंगमधलं, म्हणजे पातळ सालीत भरलेलं, बोटाएवढं सॉसेज नव्हे. खिम्याचा चांगला जाडजूड रोल, आत चीज, मिरची, परतलेला कांदा, जे काय आवडतं ते, बाहेरून बेकनच्या पट्ट्या आडव्याउभ्या विणून गुंडाळायच्या आणि स्मोकरमध्ये, म्हणजे धुरावर शिजवायच्या भट्टीत, 110 अंशांच्या आसपास दोन-तीन तास ठेवायचं. सगळे सांगतात सोप्पंय हो, झिप बॅगेत खिमा भरा, वरून लाटणं फिरवा, बॅग कापा, सारण ठेवा, गुंडाळा. हे सांगणारे लोक फोटो नेहमी एकाच बाजूनं काढतात, कारण दुसऱ्या बाजूनं चीज बाहेर आलेलं असतं. खिमा आतून 71 अंशांवर जायला हवा, कोंबडीचा असेल तर 74, आणि तोवर चीजचं कधीच पाणी झालेलं असतं, मग भिंत जिथे पातळ तिथून ते निघालंच. थोडक्यात, सगळा खेळ भिंतीच्या जाडीचा आहे आणि हातानं गुंडाळलेल्या रोलची जाडी सगळीकडे सारखी येत नाही. येते म्हणणाऱ्यांनी आधी रोल मधोमध कापून दाखवावा.

म्हणून साचा. बाहेर 75 मिलिमीटरचा पाइप, त्याच्या आत मधोमध 40 चा. दोन्हींच्या मधल्या जागेत थंडगार खिमा दाबून भरायचा, आतली नळी ओढून काढायची, पोकळीत सारण, दोन्ही टोकांना खिम्याचंच बूच, आणि मागून दट्ट्या लावून अख्खा रोल एका दमात बाहेर. भिंत सगळीकडे दीड सेंटिमीटर. दट्ट्या मी जुन्या प्लास्टिकच्या चॉपिंग बोर्डातून गोल कापलाय. पाइप पिण्याच्या पाण्याचा घेतलाय, ड्रेनेजचा नाही. कापलेल्या कडा आधी कानसीनं आणि मग पॉलिश पेपरनं गुळगुळीत केल्यात, कारण बारीकशी चीर राहिली तरी त्यात मांस अडकतं आणि घासून निघत नाही. धुवायचं गरम पाण्यानं, उकळत्या नाही, कारण 80 अंशांच्या आसपास हे पीव्हीसी मऊ पडायला लागतं. आणि आतल्या नळीच्या वरच्या टोकाला आरपार दोन भोकं, त्यातून आडवी दांडी घालून ती ओढायची. दांडीशिवाय ती निघत नाही. मीठ घालून खिमा नीट मळला की मांसातलं मायोसिन नावाचं प्रथिन सुटतं आणि खिमा असा चिकट होतो की गोळा तळहातावर थापून हात उलटा केला तरी खाली पडत नाही. तो खिमा नळीला सुखासुखी सोडतोय होय.

स्वच्छतेचं एवढं पाल्हाळ कशाला, असं घरात विचारतात. तर एकोणिसाव्या शतकात जर्मनीत वुर्टेम्बर्गमध्ये युस्टिनुस केर्नर नावाचा डॉक्टर होता, कवीही होता, त्यानं 1820 आणि 1822 मध्ये सॉसेज खाऊन झालेल्या विषबाधेवर लिहिलं. त्या सॉसेजचा अर्क त्यानं स्वतःही चाखून पाहिला आणि वर तो जगला. आज आपण त्याला बॉट्युलिझम म्हणतो. तो ज्या जंतूमुळे होतो त्याला हवा नको असते आणि ठासून भरलेल्या मांसाच्या आत हवा नसतेच. मंद आचेवर तासन्‌तास धूर देणाऱ्यानं, त्यातही गार धूर देणाऱ्यानं, नायट्रेट-नायट्राइटचं, म्हणजे हा जंतू वाढू नये म्हणून मांसात घालायच्या क्षारांचं, प्रकरण समजून घ्यावं ते यासाठी. मी तर गरम धुराचा माणूस, तरी थर्मामीटर खुपसल्याशिवाय कुणाला तुकडा देत नाही. इतकी काळजी घेणाऱ्या माणसाची नळी आज खरकट्या पाण्यात आहे.

तर प्लंबर. मी बाहेरून आलो तेव्हा तो हात पुसत उभा होता. "काम झालं सर, पाणी सोडून बघा." मी खाली वाकलो तर पाइप ओळखीचा वाटला. त्यावर पेन्सिलनं माझ्याच अक्षरात 'ही बाजू वर' लिहिलेलं होतं आणि ती बाजू त्यानं खाली बसवली होती.

"हा पाइप कुठून आणला?"

"आणला नाही, इथेच होता की. ताटांच्या स्टँडमध्ये. म्हटलं आधीच्या माणसानं सोडला असेल."

"प्लंबर लोक पाइप ताटांत ठेवून जातात?"

"सर, लोकांच्या घरी काय काय असतं, आपण विचारत नाही."

"अहो, तो सॉसेजचा आहे."

"मला ही कंपनी माहीत नाही, पण माल चांगलाय."

"कंपनी नाही हो. सॉसेज. खायचं."

तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग आवाज खाली आणून, आजाऱ्याशी बोलतात तसं, "पाइपातून खाता?"

"पाइपातून नाही. पाइपाभोवती खिमा भरतो."

"अच्छा. आणि मग पाइप?"

"काढून घेतो!"

"मग बरोबर. नाहीतर लागेल ना दाताला."

इथवर मला वाटत होतं की तो माझी चेष्टा करतोय. नव्हता करत, तेच तर वाईट आहे. त्याला मनापासून रस वाटायला लागला होता. त्यानं खाली मांडी घातली आणि बोटानं दाखवलं, "तरी मी म्हणतोय ही आरपार भोकं कशाला? दोन्ही पुट्टीनं बुजवली मी. त्याचे वेगळे लावले नाहीत."

"हँडल घालायला आहेत ती."

"हँडलला भोकं पाडतात का सर? टी जॉइंट लावायचा वरती. सोल्यूशननं चिकटवला की जन्मात हलणार नाही."

"सोल्यूशन खिम्याच्या जवळपास नको."

त्यानं विचार केला. खरंच केला, डोळे मिटून. "मग थ्रेडचा टी घ्या. फिरवून बसतो, फिरवून निघतो, धुवायलाही सोपा." आणि वर, "कटही तिरका आहे थोडा. बघा, या बाजूला दोन एमएम."

सूचना बरोबर होती, आणि मला राग त्याचाच जास्त आला. मी म्हटलं ते राहू द्या, माझा पाइप काढून द्या आणि तुमचा लावा.

"आता? सुकलंय ते. आणि सिंकचं पाणी गेलंय ना त्यातून, परत खाण्यात वापरणार?"

"आत्ता तर सोडलंय पाणी!"

"एकदा गेलं की गेलं, सर." आणि मग त्यानं माझ्यावरचा विश्वास उडाल्यासारखी मान वळवली. "ताई, तुम्ही सांगा यांना."

ताई म्हणजे आमची बायको. ती म्हणाली, "मीच दिला त्यांना. मला वाटलं भंगार आहे."

आता यावर मला खरंच बोलायचंय. मी हातानं केलेली प्रत्येक वस्तू या घरात भंगार असते. बाटलीचं तोंड कापून केसिंग भरायला केलेलं नरसाळं, भंगार. कॉकिंग गन नवी कोरी आणून फक्त खिम्यासाठी ठेवली, तिनं बाथरूमच्या फटी भरून झाल्या. उलट वरच्या कप्प्यात एक विकतचं यंत्र आहे, रंगीत खोक्यातलं, एकदाच वापरलंय, खिमा पुढे जायच्या ऐवजी हँडलच्या बाजूनं मागे येतो, पण त्याला वॉरंटी कार्ड आहे म्हणून त्यावर धूळसुद्धा बसू देत नाहीत. माझा साचा चालतो. गेल्या वेळचा रोल सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ला, चीज एक थेंब बाहेर नव्हतं, तेव्हा कुणी विचारलं नाही की हा इतका गोल कसा झाला. लोकांना वाटतं सॉसेज जन्मतःच गोल असतं.

बिल मी नंतर पाहिलं. मजुरी, पुट्टी, आणि खाली स्वच्छ अक्षरात: पाइप, एक नग. म्हणजे माझाच पाइप मलाच विकला. मी फोन लावला तर म्हणाला, "सर, लाइनला लागला की तो मटेरियलमध्येच धरतात." कोण धरतात, ते मला अजून कळलेलं नाही. आणि पुट्टी लावलेल्या त्या दोन भोकांतून पाणी ठिबकतंच आहे, हेही मी सांगितलं. तर म्हणे "भोकं तुमचीच आहेत ना."

हे सगळं मी गिळलं असतं. पण परवा त्याचा स्वतःहून फोन आला. मला वाटलं दुरुस्तीला येतोय. तो म्हणाला, "सर, तो बाहेरचा मोठा पाइप आता तुमच्या कामाचा नसेल ना? मेव्हण्यानं ड्रमचा स्मोकर केलाय, त्याला तुमची आयडिया सांगितली, फार आवडली. आतली नळी आमच्याकडे आहेच." मी नाही म्हणून फोन ठेवला आणि पाइप सुरक्षित ठेवावा म्हणून स्वयंपाकघरात गेलो, तर तो ओट्यावर उभा आणि त्यात डाव, झारे, उलथनी खोचलेली. खालून उघडा आहे म्हणून त्याखाली बशी दिलीय. मी पाइप उचलायला गेलो तर आतून आवाज आला, "बशी जपून हं, ती सेटमधली आहे!"