‘फक्त झिगझॅग शिका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

बारावीच्या मुलांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘ऑरगॅनिकला फक्त झिगझॅग स्ट्रक्चर शिका, ते सगळ्यात सोपं. फिशर जुनाट झालं. न्यूमन आलं तर तेही झिगझॅगमध्ये बदलून घ्या.’ झिगझॅग, फिशर आणि न्यूमन या रेणू कागदावर काढायच्या तीन पद्धती. मी दादरला हाच विषय, म्हणजे ऑरगॅनिक केमिस्ट्री, शिकवते. हे वाचून गप्प बसवत नाही.

झिगझॅग सोपं? मोठ्या रेणूसाठी सोयीचं आहे, हे कबूल. पण ती नुसती नागमोडी रेघ, त्यात कार्बन लिहिलेलेच नसतात. प्रत्येक कोपरा एक कार्बन, आणि प्रत्येक टोकही. टोकं मोजायची राहिली की चार कार्बनच्या ब्युटेनचं दोन कार्बनचं इथेन होतं, आणि हे दर बॅचमध्ये होतं.

फिशर जुनाट? एमिल फिशरने ही पद्धत १८९१ मध्ये आणली, म्हणजे जुनी आहेच. पण ग्लुकोजचा प्रश्न आजही तिच्यातच येतो. त्यात कार्बनभोवतीचे बंध अधिकच्या चिन्हासारखे काढतात. नियम एवढाच, की आडवे बंध आपल्या दिशेने, उभे मागे. परवा एका मुलीने लॅक्टिक आम्लाची आकृती नीट दिसावी म्हणून वही आडवी केली. उत्तर ‘आर’ होतं, तिला ‘एस’ आलं; एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असलेल्या दोन रूपांची ही नावं. वही उलटी केली असती, म्हणजे १८० अंशांत, तर काही बिघडलं नसतं. ९० अंशांत फिरवली की रेणूची आरशातली प्रतिमा वाचली जाते.

‘बदलून घ्या’ हा सल्ला तर सगळ्यात घातक. मेसो टार्टारिक आम्ल घ्या. फिशरमध्ये दोन्ही ओएच गट एकाच बाजूला, मधून रेघ मारली की एक अर्धा दुसऱ्याची आरशातली प्रतिमा, म्हणूनच ते मेसो. तेच झिगझॅगमध्ये काढलं की एक ओएच पुढे येतो, एक मागे जातो, कारण साखळी मधल्या बंधाभोवती अर्धा फेरा फिरलेली असते. मुलं दोन्ही ओएच पुढे काढतात आणि मेसो हातचा जातो. जेईई मेनला अशा चुकीच्या पर्यायाचा एक गुण वजा होतो.

न्यूमनचं थोडक्यात: त्यात रेणू एका बंधाच्या रेषेत समोरून बघतात. ई-टू विलोपनात, म्हणजे हायड्रोजन आणि ब्रोमीन एकाच वेळी निघून दुहेरी बंध होतो त्या अभिक्रियेत, ते दोन्ही हवे तसे १८० अंशांवर आहेत का, हे त्यात नुसतं बघून कळतं.

फिशरची वही आडवी केली की काय बिघडतं, ते घरी करून बघा. कणकेच्या गोळीत, म्हणजे कार्बनमध्ये, चार टूथपिक खोचा, टोकांना वाटाणा, हरभरा, शेंगदाणा, मनुका लावा. दोन आडव्या काड्या तुमच्याकडे येतील, दोन उभ्या मागे जातील असं धरा आणि फिशर काढा. आता अख्खं मॉडेल घड्याळाच्या काट्यासारखं पाव फेरा फिरवा. तुमच्याकडे आलेल्या काड्या उभ्या झाल्या, आणि फिशरमध्ये उभी काडी म्हणजे मागे गेलेली.